आशेला तारीख हवी

रुग्णालयातून घरी आणलेल्या पक्षाघाताच्या रुग्णाची तपासणी संपते, रक्तदाब मोजून होतो, औषधांची चिठ्ठी लिहून होते आणि निरोप घेताना घरातले कोणीतरी दाराशी थांबून हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, हे पूर्वीसारखे होतील ना?" वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला असेल. काहींनी तो मनातच दाबून ठेवला असेल. पंचवीस वर्षांहून अधिक काळ कुटुंबांचा वैद्य म्हणून काम करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे.

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की त्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" याच दोन शब्दांत अपेक्षित असते. "हो" ऐकले की कुटुंब वाट पाहू लागते आणि "नाही" ऐकले की हातपाय गाळते. दोन्ही उत्तरांनंतर उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हे कोणालाच उमगलेले नसते. म्हणून या लेखात त्या मोठ्या प्रश्नाऐवजी एका लहान प्रश्नाची सवय लावून घेण्याविषयी लिहिणार आहे : "येत्या पंधरा दिवसांत यांना कोणती एक गोष्ट आजच्यापेक्षा थोडी अधिक स्वतःची स्वतः करता यावी?" उदाहरण पक्षाघाताचे घेतले आहे, कारण वडीलधाऱ्यांच्या घरात अपंगत्व बहुधा याच वाटेने अकस्मात येते. तथापि पार्किन्सनचा विकार, मणक्याची दुखापत किंवा मांडीचे हाड मोडल्यानंतर आलेले परावलंबन, अशा प्रसंगीही हीच पद्धत उपयोगी पडते.

काळाचे मोल

पक्षाघातात मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तेथील मृत पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु त्यांच्या शेजारचे व त्यांच्याशी जोडलेले भाग सरावाने त्यांचे काही काम शिकून घेतात. हे शिकणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी चालू राहते आणि त्यानंतर मंदावते. मंदावते याचा अर्थ थांबते असा मात्र नाही. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने होऊन गेलेल्या आणि मनगट व बोटे थोडी तरी हलवू शकणाऱ्या रुग्णांचा चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात अडकवून ठेवण्यात आला आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून सराव करून घेण्यात आला. त्यांच्या हाताच्या कामात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

यातून कुटुंबाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिले काही आठवडे "जरा बरे वाटू दे, मग बघू" म्हणून केवळ विश्रांतीत घालवू नयेत. आणि सहा महिने उलटले म्हणून "आता जे आहे ते आहे" असेही म्हणू नये. मेंदू शिकतो ते पुनःपुन्हा केलेल्या नेमक्या कृतीतून. फिजिओथेरपिस्ट येऊन गेला की झाले, असे मानून उरलेले तेवीस तास रुग्णाला निजवून ठेवले, तर त्या एका तासाचे फळ फार थोडे मिळते.

धीर आणि आशा

आपल्याकडे आजारी माणसाला धीर देण्याची रीत आहे. "काही होत नाही, सगळे ठीक होईल. गणपतीपर्यंत तुम्ही चालायला लागाल," असे भेटीला आलेला प्रत्येक जण म्हणतो. त्यामागे माया असते. परंतु गणपती येतात, जातात आणि खाटेवरचा माणूस मनाशी म्हणतो, 'सगळे म्हणत होते, मलाच जमले नाही.' दिलेला धीर असा उलटतो आणि अपयशाची खूण होऊन बसतो.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९०च्या दशकात आशेची जी मांडणी केली, ती घरच्या माणसांना चटकन समजण्यासारखी आहे. त्यांच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात. जायचे ठिकाण ठाऊक हवे, तेथे नेणारी वाट किंवा अनेक वाटा दिसायला हव्यात आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्याचे बळ आपल्यात आहे असे वाटायला हवे. "गणपतीपर्यंत चालाल" या वाक्यात ठिकाण आहे, पण वाटेचा पत्ता नाही. आणि वाट दिसली नाही की बळही येत नाही. वाट दाखवणे हे कुटुंबाचे आणि वैद्यकीय मंडळींचे काम आहे. बळ पुष्कळदा त्यामागोमाग येते, कारण एक पायरी चढता आली की दुसरी चढावीशी वाटते.

ध्येय कोणाचे?

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. तालुक्याच्या गावातील बहात्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. उजवी बाजू दुबळी झाली आहे, बोलणे अडखळते. पत्नी सदुसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीने बेजार. मुलगा नोकरी करतो, सून घर आणि नोकरी दोन्ही सांभाळते, लेक पुण्यास. सर्वांची इच्छा एकच : "बाबा चालायला लागावेत." स्वतः बाबांना काय हवे आहे, हे कोणी विचारलेले नाही. बोलता येत नाही, म्हणजे सांगण्यासारखेही काही नसेल, असे नकळत धरले गेले आहे.

एके दिवशी खाट, खुर्ची, न्हाणीघर, देव्हारा, अंगण, वर्तमानपत्र अशी चित्रे कागदावर काढून त्यांच्यापुढे ठेवली, तर ते आपला चांगला हात न्हाणीघराच्या चित्रावर ठेवतील, अशी शक्यता मोठी आहे. सुनेच्या हातून शौचाची सोय करून घ्यावी लागणे, हे त्यांच्या मनाला न चालण्यापेक्षाही अधिक बोचत असते. घराने चालण्याचे ध्येय ठेवले होते. त्यांना हवी आहे ती लाज राखली जाणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची जी चौकट स्वीकारली, तिचे सार हेच आहे. शरीराचा अवयव किती हलतो हा एक भाग झाला. त्या अवयवाने माणूस कोणते काम करू शकतो हा दुसरा. आणि घरात, समाजात त्याचा सहभाग किती, हा तिसरा. घराची रचना, साधने आणि भोवतालच्या माणसांची वृत्ती या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. हाताची ताकद तितकीच राहूनही खाट न्हाणीघराजवळ हलवल्याने आणि भिंतीला आधाराचा दांडा बसवल्याने माणसाचे अपंगत्व कमी होऊ शकते.

म्हणून पहिला प्रश्न रुग्णालाच विचारा. तो "आपण आता काय करू या?" असा मोघम नको. "कोणती गोष्ट दुसऱ्याने केलेली तुम्हाला सर्वांत नकोशी वाटते?" "कोणती एक गोष्ट पुन्हा करता आली तर दिवस बरा जाईल?" असे विचारा. वाचाघात असलेल्या माणसाला समजते पुष्कळ, पण शब्द सापडत नाहीत. त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारा, दूरदर्शन बंद ठेवा, "हो-नाही"ने उत्तर देता येईल असे पर्याय द्या, चित्रे दाखवा आणि उत्तरासाठी थांबा. त्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नका. कधी कधी उत्तर आपल्याला क्षुल्लक वाटेल : पायजम्याची नाडी स्वतः बांधणे, देवापुढे निरांजन लावणे, नातवाची प्रगतिपुस्तिका वाचणे, पत्नीसाठी एकदा चहा करणे. ती क्षुल्लक गोष्टच ध्येय म्हणून लिहून ठेवा.

इच्छेपासून ध्येयापर्यंत

आता ध्येय वहीत कसे लिहायचे ते पाहू. "स्वतः न्हाणीघरात जाता येणे" ही इच्छा झाली. खाटेपासून न्हाणीघर बारा पावलांवर आहे असे समजा. मग फिजिओथेरपिस्टशी बोलून पायऱ्या पाडाव्यात. पहिल्या पंधरवड्यात खाटेच्या कडेला आधाराविना दहा मिनिटे बसणे आणि एका माणसाच्या मदतीने खुर्चीत येणे. दुसऱ्या पंधरवड्यात वॉकर धरून दोन मिनिटे उभे राहणे, दिवसातून चार वेळा. तिसऱ्यात वॉकर आणि एक माणूस यांच्या साहाय्याने चार पावले. चौथ्यात बारा पावले, दिवसातून एकदा, सकाळी. रात्री अद्याप कमोडची खुर्ची खाटेशेजारीच. कोणाची गती याहून अधिक असेल, कोणाची कमी. आकडे आपल्या रुग्णाला तपासलेल्या तज्ज्ञानेच ठरवावेत. मात्र आकडा, दिवस आणि सोबत कोण, ही तीन उत्तरे प्रत्येक पायरीपाशी लिहिलेली असावीत.

प्रगती मोजण्यासाठी एक जुनी, साधी रीत आहे. १९६८ साली किरेसुक आणि शर्मन या दोघांनी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रासाठी ती तयार केली आणि पुढे पुनर्वसनाच्या क्षेत्रानेही ती उचलली. ध्येय ठरवतानाच पाच ओळी लिहायच्या. मधली ओळ अपेक्षेइतकी : पंधरा दिवसांत चार पावले. तिच्या वर "अपेक्षेहून थोडे अधिक" : आठ पावले, आणि "बरेच अधिक" : बारा पावले. खाली "थोडे कमी" : आधाराने दोन मिनिटे उभे राहणे, आणि "बरेच कमी" : आज आहे तसेच. पंधरा दिवसांनी कोणत्या ओळीवर आलो, एवढेच पाहायचे. या रीतीचा मोठा गुण असा की "जमले" आणि "जमले नाही" यांच्यामध्ये बरीच जागा आहे, हे घराला दिसू लागते. दोन मिनिटे उभे राहिलेला माणूस नापास ठरत नाही.

चालू लागलेल्या रुग्णासाठी आणखी एक मोजमाप घरच्या घरी करता येते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसण्यास किती सेकंद लागतात, ते घड्याळावर पाहून दर पंधरा दिवसांनी लिहावे. पडण्याचा धोका असल्याने कोणीतरी दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे असलेच पाहिजे.

सरावात कामाच्या काही गोष्टी

ध्येय कितीही सुंदर असले तरी चुकीच्या हाताळणीने ते महिनाभर मागे पडू शकते. म्हणून पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, शिकून घ्याव्यात.

रुग्णाला उठवताना दुबळा हात कधीही ओढू नये आणि बगलेत हात घालून उचलू नये. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो. तो ओढला गेला की दुखणे जडते आणि मग रुग्ण सरावाचे नाव काढू देत नाही. खाटेवरून खुर्चीत बसवताना खुर्ची बहुधा चांगल्या बाजूस ठेवावी. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. काठी चांगल्या हातात धरावी आणि तिच्या टोकाचे रबर झिजलेले नसावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

जेवताना रुग्ण ताठ बसलेला असावा आणि जेवणानंतर अर्धा तास तसाच बसून राहावा. घोट घेताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज ओलसर होणे, घास गालात साठून राहणे ही लक्षणे दिसली तर तोंडाने भरवणे थांबवून डॉक्टरांना विचारावे, कारण अन्न श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. न्हाणीघरात ओल राहू देऊ नये, उंबऱ्याजवळ दिवा ठेवावा, सुट्या सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. पडल्याने मोडलेले हाड सगळ्या पायऱ्या एका क्षणात पुसून टाकते.

ध्येय हुकले तर

पंधरा दिवस झाले आणि वहीतली ओळ तेथेच राहिली, तर घरात दोन तऱ्हेची वाक्ये ऐकू येतात : "हे मनच लावत नाहीत," किंवा "आमचेच नशीब." दोन्ही बाजूस ठेवून चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, शरीर. खांदा दुखतो आहे का, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, झोप न लागणे, अंगात ताठरपणा, एखाद्या औषधाने येणारी गुंगी यांपैकी काही आहे का? दुसरी, मन. पक्षाघातानंतर सुमारे तीनपैकी एका रुग्णास नैराश्य येते. सतत रडू येणे, जेवणावरची वासना उडणे, सरावास नकार, "मला कशाला जगवता" असे बोलणे हा हट्टीपणा नसून उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. त्यासाठी औषधे आहेत आणि समुपदेशनही. मरणाची भाषा सुरू झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तिसरी, पायरी. ती फार उंच होती का? असल्यास तिच्या दोन पायऱ्या करा. चौथी, वाट. ध्येय तेच ठेवून मार्ग बदलता येईल का?

हा चौथा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. स्वीडनचे कवी तोमास त्रान्सत्रोमर यांना १९९० साली पक्षाघात झाला. उजवी बाजू दुबळी झाली आणि कवीची वाचा जवळजवळ गेली. ते पियानोही वाजवत. उजवा हात पूर्ववत होण्याची वाट पाहत बसण्याऐवजी ते केवळ डाव्या हाताने वाजवण्याजोग्या रचना वाजवू लागले. संगीतकारांनी त्यांच्यासाठी तशा खास रचना लिहिल्या. पक्षाघातानंतरही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले आणि २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची पत्नी मोनिका त्यांच्या तुटक उच्चारांचा अर्थ जगाला सांगत असे. प्रत्येक घरात नोबेलविजेता नसतो, हे उघड आहे. परंतु उजव्या हाताने लिहिणारे शिक्षक डाव्या हाताने सही गिरवू शकतात. देवळापर्यंत चालत जाणे न जमणारी आजी व्हीलचेअरवरून काकड आरतीला जाऊ शकते. देवळात पोहोचणे हे ध्येय होते, पाय ही एक वाट होती. व्हीलचेअर किंवा काठी स्वीकारणे म्हणजे हार, असे मानून कित्येक वडीलधारी माणसे महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नाहीत. त्यांच्याशी या दृष्टीने बोलून पाहा.

सांभाळणाऱ्याचेही ध्येय लिहा

ज्या घरात एक माणूस अपंग होतो, त्या घरातला दुसरा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. बहुधा ती पत्नी असते, सून असते किंवा अविवाहित लेक. तिचा रक्तदाब कोणी मोजत नाही, तिची झोप कोणी विचारत नाही. आपण जर ही सेवा करणारी व्यक्ती असाल, तर हा परिच्छेद आपल्यासाठी आहे. वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचे ध्येय लिहिल्यावर दुसऱ्या पानावर आपले लिहा. ते मोठे नसावे. "आठवड्यातून एकदा दुपारचे तीन तास घराबाहेर." "सलग सहा तास झोप, आठवड्यातून निदान चार रात्री." "माझ्या गुडघ्यांची आणि साखरेची तपासणी या महिन्यात." हा स्वार्थ नाही. सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली की एका घरात दोन रुग्ण होतात आणि वहीतले सगळे ध्येय तेथेच अडते.

दूर राहणाऱ्या मुलांनाही यात वाटा द्यावा. पुण्याची लेक किंवा परदेशातला मुलगा फोनवर "आईकडे नीट लक्ष द्या" असे सांगतो, तेव्हा घरच्यांना ते टोचते. त्याऐवजी त्यांच्या नावावर ठरावीक काम लिहावे : रात्रीच्या मदतनिसाचा खर्च, औषधे संपण्याआधी मागवणे, महिन्यातून एक शनिवार-रविवार प्रत्यक्ष येऊन वहिनीला मोकळे करणे, रोज सायंकाळी दहा मिनिटे बाबांशी व्हिडिओवर बोलण्याचा सराव. उपदेशापेक्षा वाटून घेतलेले काम नाती अधिक टिकवते, असा माझा अनुभव आहे.

कागदाची आणि पैशाची ध्येये

आशेचा विचार करताना कागदपत्रे आठवत नाहीत, पण तीही ध्येयेच आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार सातवरून एकवीस झाले. त्यात हालचालींचे अपंगत्व आहे, तसेच वाचाघातामुळे आलेले कायमचे वाणीचे अपंगत्वही आहे. मेंदूच्या आजारातील अपंगत्वाचे मूल्यमापन साधारणतः आजारास सहा महिने झाल्यानंतर होते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झाले की अनेक सवलतींचे दार उघडते. प्रमाणपत्र व यूडीआयडी म्हणजेच वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तपासणी शासनाने नेमलेल्या रुग्णालयात होते. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या देखभालीसाठी जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरातून वजावट आहे. आपल्या करसल्लागारास अवश्य विचारा. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनासाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, तर वाणी व श्रवणदोषांसाठी वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लांबच्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आणि सर्वांत मोलाचे कौटुंबिक ध्येय म्हणजे दुसरा पक्षाघात होऊ न देणे. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या यांचा एकही दिवस चुकू नये. "आता बरे वाटते" म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तंबाखू व मिस्री घरातून हद्दपार करावी. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडे बोलणे, अकस्मात तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही नव्याने दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट सुसज्ज रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. जवळचे असे रुग्णालय कोणते आणि रात्री वाहन कोणाचे, हे आजच वहीत लिहून ठेवा.

जेव्हा सुधारणा होणार नसते

काही घरांत रुग्ण पुन्हा बसेल, बोलेल अशी शक्यता खरोखरच उरलेली नसते. तेथे ध्येये लिहायची नाहीत का? लिहायची, फक्त ती वेगळी असतात. पाठीला एकही जखम होऊ न देणे, त्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलणे. वेदना न राहणे. तोंड स्वच्छ आणि ओठ ओले राहणे. दिवसातून एकदा उन्हाच्या तिरिपेत खाट सरकवणे. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने नावाने हाक मारून स्पर्श करणे आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी, ते ऐकतच नाहीत असे समजून, न बोलणे. महिनाभर एकही जखम झाली नाही, तर ते यश त्या घराने मिळवलेले असते आणि त्याची नोंद व्हायला हवी. पूर्वीचे जगणे गेले याचे दुःख अशा घरात असतेच. त्याला मोकळेपणाने रडू द्यावे. दुःख आणि ध्येय एकाच वहीत मावतात.

पंधरवड्याची बैठक

हे सारे चालू राहण्यासाठी एकच नेम पुरे आहे. दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, अर्धा तास घरातल्यांनी रुग्णाच्या खाटेभोवती बसावे. रुग्णाला वगळून स्वयंपाकघरात कुजबुज करू नये. आधी झालेली एक चांगली गोष्ट प्रत्येकाने सांगावी, मग वहीतली ओळ पाहावी, मग पुढची पायरी ठरवावी आणि शेवटी सांभाळणाऱ्या व्यक्तीचे पान उघडावे. एका वेळी दोन किंवा तीनच ध्येये असावीत. दहा ध्येयांच्या यादीने सगळेच दमतात. ही वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे घेऊन या. "बरे आहेत का?" या प्रश्नाने जे कळत नाही, ते त्या चार ओळींतून आम्हाला कळते आणि उपचार त्यानुसार बदलता येतात.

आज रात्रीचे जेवण झाल्यावर आपल्या माणसाजवळ बसा. त्याला विचारा, "उद्यापासून कोणती एक गोष्ट तुमची तुम्ही करायला घेऊ या?" उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. जे उत्तर येईल ते वहीत लिहा आणि त्याच्यापुढे पंधरा दिवसांनंतरची तारीख घाला.